मंडईला कमळा येते

फळ्यावर ‘मेक अप’ असं मोठ्या अक्षरांत लिहून गुणवंत मास्तरनं त्याखाली तीन अर्थ उतरवले होते आणि चौथ्यासाठी हात वर केला होता, तेवढ्यात मॅट्रिकच्या वर्गातली सगळी डोकी दाराकडे वळली. दारात लटारू उभा होता. गुडघ्यापर्यंत धूळ, खांद्यावर दुपट्टा, पायातल्या वहाणा काढून हातात घेतलेल्या, कारण शाळा म्हणजे त्याच्या लेखी देऊळच. गेल्या दोन वर्षांत दोघा भावांचं एका शब्दानं बोलणं नव्हतं. तो आपणहून चांद्याला, शाळेपर्यंत चालत आला म्हणजे एकच गोष्ट असणार, असं गुणवंतच्या मनात आलं. हात मात्र सवयीनं पुढे सरकला आणि त्यानं चौथा अर्थ लिहून टाकला : समेट करणे. या अर्थासाठी वर्षानुवर्षं तो एकच वाक्य उतरवून द्यायचा, दोन भाऊ भांडले आणि मग त्यांनी समेट केला. मुलं टाक सरसावून वाट बघत होती. वाक्य त्याच्या तोंडातून बाहेर येईना. ‘वरचं उतरवून घ्या’ म्हणून तो बाहेर व्हरांड्यात आला.

‘माय जेवत नाई,’ लटारू म्हणाला. बस, उठ, बरा आहेस का, काही नाही. गेली असं तो म्हणाला नव्हता, एवढ्यानंच गुणवंतला क्षणभर हलकं वाटलं आणि लगेच त्या हलकं वाटण्याची लाज वाटली.

‘कधीपासून?’

‘दिवाळीपासून. शीत तोंडात घेत नाई. दूध पाजलं तं थुकून देते. कमळा आल्यावर जेवन म्हनते. सकाळ झाली का घाटावर जाऊन बसते. परवा पान्यात उतरली, कमरेपोतर. पोचू नावाडी डोंग्यात होता म्हून वाचली, नाई तं वैनगंगेनं नेलीच असती तिले.’

‘डॉक्टरला दाखवलंत?’

‘मूल गावचा आनला होता. सुई टोचली अन् म्हने म्हातारपन हाय.’ लटारूनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. ‘परवा मंडई हाय गावात. तू चाल.’

‘मी येऊन काय करू भाऊ? मला ती ओळखत नाही. मागच्या खेपेला काय झालं ते तू पाहिलंस.’

‘तू नोको येऊ,’ लटारू म्हणाला. तो भावाकडे बघत नव्हता, शाळेच्या घंटेकडे बघत होता. ‘कमळाले येऊ दे.’

गुणवंतला पहिल्या झटक्यात सगळं समजलं. काय बोलतोस, म्हणजे काय, असं विचारायची पाळीच आली नाही. आपल्याला हे इतकं चटकन समजलं म्हणजे आपण मनातून याची वाटच बघत होतो की काय, या विचारानं तो घाबरला. कारण कमळा, त्यांची मधली बहीण, जाऊन सोळा-सतरा वर्षं झाली होती, आणि कमळाचा चेहरा गुणवंतच्या तोंडावर होता.

तोच नाकाचा शेंडा, तेच जरा पुढे आलेले ओठ, हनुवटीवर तसाच खळगा. लहानपणी पाहुणे यायचे ते हटकून म्हणायचे, रामाजीच्या या दोन पोरांत फरक एका परकराचा. म्हणूनच तर गावच्या दंडारीत, त्या नाचगाण्याच्या खेळात, राणी नेहमी गुणवंत असायचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, माहेरवाशिणी येतात, जावई येतात, मिठाईची दुकानं लागतात, आणि दिवसाउजेडी दंडारीचा फड उभा राहतो. बाईचं काम करायला पोरगाच लागतो. पत्रू म्हाली, गावचा न्हावी, त्याच्या तोंडाला खोबरेल लावून मुर्दाडशिंग चोपडायचा, डोळ्यांत काजळ ओढायचा, केसांना गंगावन बांधायचा, आणि राणी फडात उतरली की माय पहिल्या रांगेतून मोठ्यानं बोलायची, ‘माही कमळाच वो!’ सगळा फड हसायचा. कमळा तिथंच मायच्या शेजारी बसलेली असायची आणि लाजून पदर तोंडात कोंबायची. हे सगळं गुणवंतला आवडायचं, मनापासून आवडायचं. ते आवडणं नंतर नागपूरला शिकायला गेल्यावर त्यानं पेटीच्या तळाशी घातलं आणि वर पुस्तकं रचली. चांद्यात कुणाला, अगदी त्याच्या बायकोलाही, त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. इंदू वर्ध्याची, सूत कातणाऱ्या घरातली. नवरा एके काळी लुगडं नेसून नाचत होता हे ऐकून ती काही माहेरी निघून गेली नसती, कदाचित हसली असती. त्याला त्या हसण्याचीच भीती वाटायची.

हेडमास्तरांना त्यानं सांगितलं की आईला न्यूमोनिया झालाय. आजार खरा सांगता आला नसता, कारण त्याला नाव नव्हतं. घरी इंदूला सांगितलं, शेताच्या वाटणीचं काम निघालंय. दोन माणसांना दोन गोष्टी, आणि दोन्ही इतक्या सहज रचल्या गेल्या की तोंड धुताना आरशात बघून त्याला स्वतःचीच धास्ती वाटली. दुसरा अर्थ, त्याला आठवलं : रचून सांगणे. या अर्थाचं वाक्य वर्गात तो अगदी साधं द्यायचा, पोरानं शाळा बुडवली आणि एक गोष्ट रचली. सोपं वाक्य असलं की पोरांच्या लक्षात राहतं. ‘आई बऱ्या आहेत ना?’ इंदूनं पिशवीत धोतर घालताना विचारलं. ‘हो हो,’ तो म्हणाला आणि मिशीवरून बोट फिरवलं. मिशी ही त्याची नागपूरची कमाई. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी वाढवली होती, चांगली भरघोस, आणि ती आल्यावर ओठाचा तो पुढे आलेला भाग झाकला जाऊन कमळा पार दिसेनाशी झाली होती.

मूलपर्यंत मोटार होती. लटारू पुढे ड्रायव्हरच्या पाठीशी बसला आणि गुणवंत मागे, मध्ये बाजाराची माणसं, कोंबड्या, तेलाची पिंपं. एकत्र बसायला जागा झाली तरी कुणी उठलं नाही. खिडकीबाहेर जंगल सुरू झालं, सागाची मोठाली पानं धुळीनं मातकट झालेली, मधूनच धानाच्या बांध्या, हलक्या धानाची कापणी चाललेली. त्याचं डोकं काही केल्या शांत होईना. शिकवण्याची सवय अशी वाईट की मनातली भीतीसुद्धा फळ्यावर मांडली जाते. इंग्रजांनी या दोन लहानशा शब्दांत काय काय कोंबलंय! तोंडाला रंग लावायचा तरी तेच, थाप मारायची तरी तेच, झालेलं नुकसान भरून काढायचं तरी तेच, आणि भांडण मिटवायचं तरी तेच. मन घट्ट करून एकदाचं ठरवायचं झालं तरी त्यांना दुसरा शब्द सापडत नाही. आपल्याकडे कसं, प्रत्येकाला वेगळा शब्द. रंगवणं वेगळं, रचणं वेगळं, भरून काढणं वेगळं. पोरं नेहमी विचारायची, सर, मग कुठला अर्थ घ्यायचा ते कळतं कसं? तो ऐटीत सांगायचा, बाकीचं वाक्य वाचा म्हणजे कळेल. आता त्या मोटारीत कोंबड्यांच्या फडफडीत बसून त्याला वाटलं, बाकीचं वाक्यच अजून कुणी लिहिलेलं नसलं तर काय करायचं? परवा दिवसाढवळ्या मायसमोर जाऊन बसायचं, आणि तिनं ओळखलं तर? आणि नाही ओळखलं तर? दोन्ही विचार सारखेच असह्य होते.

सोळा-सतरा वर्षांपूर्वीचा तो श्रावण. कमळा नदीपलीकडे दिलेली, मार्कंड्याच्या देवळाच्या अंगाला, घाटावर उभं राहिलं की तिच्या गावची झाडं दिसायची. पण वैनगंगेला पूर आला की ती झाडं काशीइतकी लांब. पूर चढलेलाच होता, पाणी लाल झालं होतं, आणि पलीकडून कुणीतरी तोंडाशी हात धरून ओरडून निरोप दिला. वाऱ्यानं अर्धे शब्द नेले, उरलेल्या अर्ध्यांत सगळं आलं. ताप आला, गेली, जाळली. घाटावर तेव्हा एकटा गुणवंत होता, एकोणीस वर्षांचा. तो घरी आला तर माय दारात उभी. ‘काय म्हनते गा माही पोरगी?’ तिनं विचारलं. आणि त्याच्या तोंडून निघालं, ‘बरी हाय. पूर ओसरला का मंडईले येतो म्हने.’ तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मायचा चेहरा इतका फुलला की तो आणखी बोलला, ‘निळं लुगडं घेतलं म्हने जावयानं. ते नेसून येतो म्हने.’ हे निळं लुगडं कुठून आलं ते त्याला आजतागायत कळलेलं नाही. त्या संध्याकाळी मायनं आनंदानं वडे तळले आणि त्यानं ते खाल्ले, चवीनं खाल्ले. दुसऱ्या दिवशी बाप रानातून परतला, त्याला गावात कळलं होतं, आणि मग घरात आकांत झाला तो झालाच. माय त्याला त्यावरून एका अक्षरानं बोलली नाही. रडली, दिवसकार्य झालं, लोकांत मिसळली, पुढे बाप गेला त्यातूनही उठली. पण म्हातारपण आलं आणि तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नवरा गेल्याचं गेलं, मग कमळा गेल्याचंही गेलं. खरं होतं तेवढं सगळं गळून पडलं आणि त्यानं रचलेलं तेवढं एक शाबूत राहिलं. मंडईला कमळा येते, निळं लुगडं नेसून येते.

दोन वर्षांपूर्वी तो गावी गेला होता तेव्हा मायनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं होतं. मग एकाएकी दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं आणि बोटांनी मिशी बाजूला सारून ती ओठ शोधायला लागली. ‘कमळे, हे काय लावलं वो तोंडाले?’ तिची बोटं काटक्यांसारखी आणि थंड होती. तो घाबरला. त्यानं तिचे हात झटकले, जरा जास्तच जोरानं झटकले, आणि ती मागे उखळावर पडली, मनगट दुखावलं. लटारूनं त्याच्या थोबाडीत मारली. ‘तूच सांगतलं होतं तिले, तूच लावलं हे येड. जाय तुह्या चांद्याले.’ तो गेला. मनीऑर्डरी केल्या, पण गेला तो गेलाच.

येताना लटारूनं मूलला रेंगी सोडून ठेवली होती. त्या लहानशा गाडीत दोघांना एकमेकांना टेकल्याशिवाय बसताच येत नाही. मग लटारू म्हणाला, ‘रुखमाजवळ निळं लुगडं हाय. काढून ठेवलं तिनं.’ रुखमा म्हणजे लटारूची बायको. सगळं ठरलं होतं तर. त्याच्या येण्याबद्दल घरात कुणाला शंकाच नव्हती, आणि याचा त्याला राग आला, आणि रागाखाली कुठंतरी बरंही वाटलं.

‘माझा आवाज?’ त्यानं विचारलं. ‘आवाज कमळाचा नाही भाऊ.’

‘कमी बोलजो.’

‘आणि तिनं ओळखलं मला तर?’

‘तं बरंच हाय की,’ लटारू म्हणाला. ‘गुना आला म्हनन.’

मंडईच्या दिवशी सकाळपासूनच गाव गजबजलं. ढोलक्या, पुंग्या, तेलाच्या कढया, लांबून आलेल्या रेंग्या. सगळे फडाकडे गेले तसं घर रिकामं झालं. माय केव्हाच घाटावर जाऊन बसली होती, रुखमा तिच्या सोबतीला. मागच्या खोलीत पत्रू म्हालीनं पेटी उघडली आणि तो वास आला, खोबरेलाचा आणि मुर्दाडशिंगाचा. पत्रू आता म्हातारा झाला होता, पण हात कापत नव्हता. ‘रातच्या दिव्याचा रंग येगळा अन् दिवसाचा येगळा,’ तो म्हणाला. ‘पातळ लावतो. बुढीले दिसते तरी केवढं?’ मग त्यानं गुणवंतची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं आणि तो थबकला.

‘मिशी काढा लागन.’

‘काढ,’ गुणवंत म्हणाला.

पत्रूनं वस्तरा पेटीतून काढला आणि परत पेटीत ठेवला. ‘नाई जी मास्तर. बाप तुमचा गेला तवा मीच काढली होती. आता एकटी माय उरली, ते जीती हाय, तिथी घाटावर बसली हाय. ते जीती असताना मिशीले वस्तरा लावू? रंग म्हनसान तेवढा लावतो. हे मी नाई करत.’

लटारू भिंतीला टेकून बसला होता. त्याची मानही खाली गेली. इतका सगळा बेत आखताना हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. गुणवंत इंग्रजी शिकलेला, शकुन-अपशकुन मानत नाही असं सांगणारा, आणि तरी त्याला वाटलं की वस्तऱ्याच्या पहिल्या फटक्यासरशी घाटावर काहीतरी होईल. मिशी अशी आईबाप गेल्यावरच निघते आणि बघणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. चांद्यात परतल्यावर शाळेच्या फाटकापासून लोक माना खाली घालून येतील, हेडमास्तर खांद्यावर हात ठेवतील, इंदू तर दारातच रडायला लागेल. आणि आपण काय सांगणार, की माय जिवंत आहे आणि मिशी नाटकासाठी काढली? त्या घटकेला त्याला पळून जावंसं वाटलं, अगदी उठून, आलेल्या वाटेनं, मूलपर्यंत पायी. मग कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माय त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्यानं पेटीतून वस्तरा स्वतः काढला. पत्रूनं तोंड वळवलं, पण आरसा धरला. मिशी दोन्ही बाजूंनी गेली आणि आरशात कमळा दिसायला लागली, चाळिशीला आलेली, थकलेली, रोडावलेली. ती जगली असती तर अशीच दिसली असती. लटारूच्या तोंडून कसलासा आवाज निघाला आणि तो उठून बाहेर गेला.

पोचूनं डोंगा वरच्या अंगाला, झाडांआड लावला होता. लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन गुणवंत त्यात बसला तेव्हा पोचूनं त्याच्याकडे बघितलं नाही, फक्त आदबीनं जागा पुसून दिली. डोंगा पार पैलतीराच्या जवळ नेऊन तिथून वळवला, म्हणजे घाटावरून बघणाऱ्याला तो पलीकडूनच येतोय असं दिसावं. नदी हिवाळ्याला लागली होती, पाणी स्वच्छ आणि हिरवं. पाठीमागे कमळाच्या सासरची झाडं होती. या पाण्यावरून ती कधीच परत आली नाही, आणि आता तिच्या जागी आपण बसलोय, हे त्याला एकदम इतकं चुकीचं वाटलं की तो पोचूला थांब म्हणणार होता. तेवढ्यात घाटावरच्या करंजाखाली एक पांढरा ठिपका उठून उभा राहिला. माय उभी राहिली होती. ती चालायला लागली, वाळूतून, पाण्याकडे, रुखमा मागून तिला धरायला बघत होती आणि माय ऐकत नव्हती. ‘लवकर मार पोचू,’ गुणवंत ओरडला. आवाज त्याचाच निघाला, घोगरा, मास्तरांचा. पोचूनं डोंगा जोरात रेटला. मायच्या पायाला पाणी लागलं त्याच वेळी डोंगा वाळूला टेकला आणि लुगडं गोळा करून गुणवंत पाण्यात उतरला.

‘आली वो माही बाई,’ माय म्हणाली.

तिनं हनुवटी धरली. तीच बोटं, काटक्यांसारखी, थंड. ओठावरून, नाकावरून, हनुवटीच्या खळग्यावरून ती फिरली. गुणवंतनं डोळे मिटून घेतले. आता, आता म्हणेल, असं त्याला प्रत्येक श्वासाला वाटत होतं. ‘किती वाळली वो,’ माय म्हणाली. ‘जेवू घालत नाई का सासू? जावई नाई आले?’

‘धान कापाले राह्यले,’ तो हळू म्हणाला. किती सहज आलं. आणि बोलीही आपोआप आली, जणू लुगड्याबरोबरच नेसली होती.

करंजाखाली रुखमानं ताट वाढलं. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वडे. मायनं पहिला घास त्याच्या तोंडात घातला आणि दुसरा स्वतःच्या. रुखमानं पदर तोंडाला लावला. माय जेवत होती. सावकाश, दातांशिवाय, पण एकामागून एक घास जात होता, आणि प्रत्येक घास गिळताना तिच्या गळ्याची शीर हललेली गुणवंतला दिसत होती. त्याला वाटलं, मिशी गेली तर गेली, शाळेत काय व्हायचं ते होऊ दे. एवढं तरी भरून निघालं. लांबून फडातली ढोलकी ऐकू येत होती. मग पोट भरल्यावर मायनं मांडीवर हात पुसले आणि लेकीजवळ सरकून गुपित सांगावं तसं बोलायला लागली.

‘गुना येत नाई वो.’

गुणवंतचा घास तोंडातच राहिला.

‘चांद्याले मास्तर हाय तो. मोठा मास्तर. पैसे धाडते, पन येत नाई. मी काई बोललो असन का त्याले? मले आठवत नाई. तू त्याले कडेवर घेऊन हिंडे, तुहं आयकन तो. तू सांग.’

‘येते तो, माय,’ तो म्हणाला. ‘त्याले भेव वाटते.’

‘कायचं?’

‘तू वळखशीन नाई म्हून.’

माय हसली. तोंडात एकही दात नव्हता तरी ते हसणं पूर्वीचंच होतं, पहिल्या रांगेतलं. ‘येडा हाय का? पोटच्या लेकराले माय वळखत नाई का?’

ऊन कलायच्या आत पोचूनं डोंगा काढला. माय घाटावरून हात हलवत राहिली. रडली नाही, कारण पुढच्या मंडईला कमळा येणारच होती. झाडांआड उतरून गुणवंतनं नदीच्या पाण्यानं तोंड धुतलं. तेलाचा रंग सहजी निघत नाही, वाळू लावून घासावं लागलं, चामडी लाल झाली. मायचं ते वाक्य त्याच्या कानांतून जात नव्हतं. पोटच्या लेकराले माय वळखत नाई का. इतकी खात्रीनं बोलली होती ती. आपण दोन वर्षं उगाच पळालो, असं त्याला वाटलं, आणि त्या आशेचीच त्याला जास्त भीती वाटायला लागली.

सकाळी रेंगी जुंपून लटारू दारात उभा होता. ‘चाल, मोटार चुकन,’ तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, ‘मांगं मारलं होतं तुले. नव्हतं माराले पाह्यजे.’ एवढं बोलून तो बैलाच्या मानेखाली खाजवत राहिला. गुणवंतनं त्याच्या दंडावर हात ठेवला. वर्गात द्यायच्या वाक्यातले ते दोन भाऊ, पण यात वाक्य करण्यासारखं काही नव्हतं. ‘मी तिला भेटून येतो,’ तो म्हणाला. ‘असाच. माझ्या तोंडानं.’ लटारूनं त्याच्याकडे बघितलं, नको म्हणावंसं त्याला वाटत होतं, पण तो म्हणाला नाही.

माय अंगणात उन्हाला बसून सुपात तांदूळ पाखडत होती. हुशार दिसत होती, केस विंचरलेले, न्याहारी केल्याची वाटी शेजारी. गुणवंत समोर जाऊन उभा राहिला. धोतर, कोट, हातात पिशवी. ‘माय,’ तो म्हणाला.

तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. सूप थांबलं. तिची नजर कपाळावरून डोळ्यांवर आली, डोळ्यांवरून खाली उतरली आणि ओठावर, त्या उघड्या पडलेल्या ओठावर, येऊन थांबली. तिचा चेहरा मऊ झाला. आता म्हणेल, गुणवंतला वाटलं, आता म्हणेलच.

‘कोन गेलं जी तुमचं?’ तिनं विचारलं.

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

‘माय गेली?’

त्यानं मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मायनं सूप बाजूला ठेवलं आणि जमिनीवर हातानं थापटलं, ‘बस बापा, बस.’ तो बसला. ती आता अहो-जाहो विसरली होती. ‘मराच्या टायमाले जवळ होता का तू?’

‘नाई,’ तो म्हणाला. ‘जवळ नव्हतो मी.’

‘पूर असन नदीले,’ माय म्हणाली. ‘पूर असला म्हंजे मानसानं काय कराव? त्याचं मनाले लावून नोको घेऊ.’ आणि पदराचं टोक घेऊन तिनं त्याचे डोळे पुसले, कारण आता तो रडत होता, हुंदके देऊन, लहान पोरासारखा. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कानामागं कालच्या रंगाची रेघ राहून गेली होती, तीही तिनं सहज अंगठ्यानं पुसली. मग आत वळून हाक दिली, ‘रुखमे, पाव्हना उपाशी हाय वो. भात आन.’

बाहेर रेंगीच्या घुंगरांचा आवाज झाला. लटारू घाई करत नव्हता, बैलानंच मान हलवली होती. ताट आलं. मायनं भाताचे मोठे गोळे मोडून त्यावर वरण ओतलं आणि ताट त्याच्यापुढे सारलं.

‘आता कोन हाय तुले?’ तिनं विचारलं. ‘काई नाई, मंडईले इथी येत जाय. माही कमळा येते दरसाल. काल येऊन गेली. तुले भाऊ म्हनन ते. निळं लुगडं नेसते, पाहाताच वळखशीन तू.’

‘वळखीन माय,’ गुणवंत म्हणाला आणि पहिला घास उचलला.